अर्ध्या उंचीची पट्टी

गुरुवारी जांबोटी क्रॉसवर कोरडी वीज पडली.
पाऊस नाही, काही नाही, एकच पांढरा फटकारा,
आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीतलं एक भोक मेलं.
बाकी सगळं जिवंत: पंखा, पडदा,
की-बोर्डावरचा अडकणारा ळ.
फक्त केबल खोचतात तिथला दिवा लागेना.

मेकॅनिक म्हणाला, बोर्ड बदला, नऊ हजार.
एका भोकासाठी?
मग वरून कार्ड बसवा, म्हणाला,
आणि कुठलं ते न सांगता चहाला गेला.

झाकण मीच काढलं. आत धूळ, एक वाळका पतंग,
आणि अंगठ्याच्या पेराएवढी रिकामी खाच.
किल्लीवाल्याकडं साबणावर ठसा नेतात,
तसा कागद दाबून वर पेन्सिल घासली.
सातच्या बसला कंडक्टरनं
शून्य रुपयांचं तिकीट दिलं.
खानापूर ते बेळगाव मी तो कागद
घडी न घालता धरून बसले.

रामदेव गल्लीत मुन्नोळींचं दुकान.
एनु बेकु?
लॅन कार्ड, म्हटलं. हे दोन्ही भाषांत एकच.
मी काउंटरवर कागद ठेवला.
त्यांनी तो उजेडात धरला, सोनारासारखा,
आणि हसले. हे कुणी काढलं, अक्का?

पहिलं कार्ड साडेचारशेचं.
चिपवर एवढासा खेकडा कोरलेला.
हे कुठं बी चालतंय बगा, जरा तापतंय तेवढंच.
दुसरं बावीसशे, अडीचपट वेगाचं.
आमच्या गावात लाइन चाळीसची, मी म्हटलं.
मग गरज इल्ला, म्हणाले, आणि स्वतःच खोक्यात घातलं.
तिसरं प्लॅस्टिकच्या टबातून निघालं,
बंद पडलेल्या कुठल्याशा बँकेतलं, जड, जुन्या हाडाचं.
मला तेच आवडलं होतं.
पण त्याची लोखंडी पट्टी उंच
आणि माझा डबा बारका. बसतच नाही.

वायफायची दांडी का नको? त्यांनी विचारलं.
राउटर शेजारच्या औषधदुकानात आहे,
मधे दोन फुटी जांभ्या दगडाची भिंत.
आणि लोक पेन्शनसाठी अंगठा टेकवून बसतात,
पडद्यावर चक्र फिरत राहतं,
शेवटी मशीनच म्हणतं, हा माणूस तुम्ही नव्हे.

खेकड्याच्या खोक्यात दोन पट्ट्या होत्या,
एक लांब, एक अर्ध्या उंचीची.
मी म्हटलं, कडिमी माडरी.
ते म्हणाले, परवडत नाही हो ताई.
घासाघीस मी त्यांच्या भाषेत केली,
नकार त्यांनी माझ्या भाषेत दिला.
साडेचारशे मोजले.

संध्याकाळी दोन स्क्रू, एक खटका,
आणि दिवा लागला. पण हिरवा नाही, नारिंगी.
फोन केला. केबल जुनी काय? उंदीर हाईत काय?
आहेत.
आत आठ तारा असतात, अक्का, तुमच्या चारच जुळल्यात.
दोन टोकं एकमेकांना विचारतात,
तुला किती पळता येतंय?
आणि मग दोघांना झेपंल तेवढंच पळतात.
हजाराचं कार्ड शंभरावर चाललंय. केबल बदला.
बदलते, म्हटलं.
अजून बदललेली नाही.

सकाळी गुंडेनट्टीची यल्लूबाई आली, पाचव्या खेपेला.
विड्या वळून वळून घासलेला अंगठा
तिनं पदराला पुसला, टेकवला.
चक्र अर्धं फिरलं आणि थांबलं.
झालं, मी म्हटलं.
तिनं अंगठा उचलला नाही.
झालं गं यल्लूबाई.
व्हय? म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ तसाच ठेवला.

लांब पट्टी उरली ती ड्रॉवरमध्ये आहे.
तिच्या कडेनं झेरॉक्सचे कागद
सरळ फाटतात.